मंडळाची खोली नकाशात हवी

फणसवाडीच्या तोंडाशी उभे राहा आणि अर्ध्या तासाच्या चालीत काय काय येतं ते बघा. प्रार्थना समाजाला हरकिसनदास. पाटीवर आता सर एच. एन. रिलायन्स लिहिलंय, पण आपल्या तोंडी अजून हरकिसनदासच. चर्नी रोड स्टेशनला लागून सैफी. मरीन लाइन्सला बॉम्बे हॉस्पिटल. मेट्रो सिनेमाच्या चौकापलीकडे जीटी आणि कामा, आणि जरा पाय उचलले तर जे.जे. बसने फोर्टात उतरलात तर जुन्या सचिवालयाच्या इमारतीत, सिटी सिव्हिल कोर्टात, गरिबाला फुकट वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथून जवळच जुन्या कस्टम हाउसमध्ये कलेक्टर ऑफिस. परळला गेलात तर टाटा, केईएम, वाडिया एका हाकेच्या अंतरात. एवढी श्रीमंती देशातल्या फार थोड्या वस्त्यांच्या वाट्याला आली असेल.

आणि तरी वाडीत कुणाच्या घरी मोठं आजारपण शिरलं की पहिल्यांदा काय होतं? बायको गळ्यातलं काढून सोनाराकडे जाते. मुलगा पतपेढीत जामीन शोधत फिरतो. चुलत्याला फोन जातो, की गावच्या जागेचं काही होतंय का बघा. हॉस्पिटल हाकेवर, तिथे फुकट खाट राखीव, त्या खाटेवर या माणसाचा कायद्याने हक्क. आणि त्याला त्यातलं अवाक्षर ठाऊक नसतं.

पूर्वी ठाऊक असायचं, निदान कुणाला तरी. ते ठाऊक असणारं माणूस वाडीत एका ठरावीक जागी, ठरावीक वेळी बसलेलं सापडायचं. ती जागा म्हणजे मंडळाची खोली. आज गिरगावात वाडीमागून वाडी पुनर्विकासाला निघालीय आणि नव्या इमारतींच्या नकाशांतून ही खोली मुकाट्याने गळते आहे. ती गळू देऊ नका, एवढंच सांगायला हा लेख लिहितो आहे.

मंडळाची खोली म्हणजे काय, हे वाडीत वाढलेल्याला सांगायला नको. पण आता वाडीत वाढलेले किती उरलेत? म्हणून सांगतो. तळमजल्यावर जिन्याखाली, नाहीतर देवळाच्या मागच्या अंगाला, दहा बाय बारा. भिंतीला टेकवलेला कॅरमबोर्ड, वर माळ्यावर लेझीम आणि ढोल, मखराच्या फळ्या. एक लोखंडी कपाट, त्यात पावतीपुस्तकं आणि दहावी-बारावीची जुनी पुस्तकं. कोपऱ्यात घडीची व्हीलचेअर, दोन वॉकर, कमोडची खुर्ची, वॉटरबेड. म्हातारं माणूस पडलं, खुब्याचं हाड मोडलं, की घरचे इथे येतात, अनामत ठेवतात, वस्तू नेतात, काम झालं की डेटॉलने पुसून परत आणतात. कित्येकदा अनामत न्यायला कोणी येतच नाही, म्हणतात राहू द्या मंडळाला. आणि दाराबाहेर काळा फळा. त्यावर कुणाचं निधन, कुणाला रक्त हवंय, कुठे वह्यावाटप आहे, नेत्रतपासणीचं शिबिर कधी आहे. वाडीतून येणाजाणारा प्रत्येक जण त्या फळ्यासमोर क्षणभर थांबतो. वाचून झालं तरी थांबतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या खोलीत शेजारच्या वाडीतल्या एक वहिनी आल्या. नवरा भुलेश्वरला कापडाच्या दुकानात कामाला, महिना तेरा हजार. छातीत कळ आली म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलात नेलेलं. आधी डिपॉझिट भरा, मग पुढचं बघू, असं काउंटरवर सांगितलेलं. वहिनींच्या हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात लॅमिनेट केलेलं रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स, लाइटचं बिल. त्या पैसे मागायला आल्या होत्या, उसने. खोलीत पोस्टातून निवृत्त झालेले आमचे काका बसलेले. त्यांनी पिशवी मागून घेतली, कागद एकेक करून टेबलावर मांडले आणि रेशनकार्डावर बोट ठेवलं.

वहिनी म्हणाल्या, "पांढरं आहे काका. आम्हाला कोण देतंय?"

काकांनी आरतीच्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर गुणाकार केला. तेरा हजार गुणिले बारा, एक लाख छप्पन्न हजार. "एक लाख ऐंशीच्या आत आहात. निर्धन रुग्णात बसता तुम्ही. डिपॉझिट भरू नका." मग वाडीतल्या एका कॉलेजच्या पोराला हाक मारून सांगितलं, "वहिनींबरोबर जा. काउंटरवर 'काही स्कीम आहे का' असं विचारू नकोस, नाही म्हणतील. समाजसेवक कुठे बसतात ते विचार. त्यांना म्हण, निर्धन रुग्णाचा फॉर्म द्या. खाटा भरल्यात म्हणाले तर तसं लिहून माग."

पोरगा गेला. फॉर्म मिळाला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दुसऱ्या दिवशी दुसरा एक जण धावला. नवरा आता दुकानात परत जातो, दुपारचा जिना चढताना मध्ये थांबतो एवढंच. वहिनींचं मंगळसूत्र गळ्यात आहे.

यात काकांनी कुठली ओळख वापरली नाही, कुणा नगरसेवकाचं पत्र नेलं नाही. त्यांना नियम माहीत होता. तो नियम असा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यात कलम ४१ कक नावाचं एक कलम आहे. सार्वजनिक न्यासाच्या नावाखाली चालणाऱ्या, सरकारच्या सवलती घेणाऱ्या हॉस्पिटलांनी गरिबांसाठी काय करायचं ते त्यात आहे. पुढे ते पाळलं जात नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आणि २००६ साली न्यायालयाने एक योजनाच घालून दिली. अशा प्रत्येक धर्मादाय हॉस्पिटलने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवायच्या आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीत. खर्चासाठी इतर रुग्णांच्या बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या खात्यात, निर्धन रुग्ण निधीत, जमा करायची. तातडीच्या वेळी डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, आधी दाखल करून जीव वाचवायचा. उत्पन्नाची मर्यादा आता निर्धनांसाठी वर्षाला एक लाख ऐंशी हजार आणि दुर्बल घटकांसाठी तीन लाख साठ हजार. तक्रार असेल तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

बॉम्बे हॉस्पिटल, जसलोक, ब्रीच कँडी, भाटिया, सैफी ही सगळी धर्मादाय हॉस्पिटलं आहेत, हे गिरगावकराला सांगितलं तर तो हसतो. ब्रीच कँडी आणि धर्मादाय? हो, धर्मादाय. आणि त्या दहा टक्के खाटांमागचा पैसा कुणाच्या मेहेरबानीचा नाही, तो बिलांतून बाजूला काढून ठेवलेला असतो. वापरायला कोणी गेलंच नाही तर तो खात्यात पडून राहतो.

पांढऱ्या कार्डाचा गैरसमज तर घराघरात आहे. पिवळं कार्ड पंधरा हजारांपर्यंत, केशरी एक लाखापर्यंत, त्यावर पांढरं, या मर्यादा गेल्या शतकाच्या अखेरीस ठरल्या आणि तिथेच गोठल्या. मुंबईत आज भांडी घासणाऱ्या दोन बायका असलेलं घरही लाखाच्या वर जातं आणि पांढऱ्यात पडतं. मग ते घर स्वतःच ठरवून टाकतं की आपण गरीब नाही, आपल्याला काही मिळायचं नाही. पण धर्मादाय योजनेची मर्यादा त्याच्या वर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डालाही लागू झाली आहे, पाच लाखांपर्यंत. कार्डाचा रंग बघून परत फिरणारी किती माणसं असतील याची मोजदाद कुठल्याच कार्यालयात नसते, कारण ती तिथवर पोचलेलीच नसतात.

सरकारी मर्यादांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. संजय गांधी निराधार योजनेत महिना दीड हजार रुपये मिळतात, पण त्यासाठी घराचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असावं लागतं. म्हणजे महिना साडेसतराशे. गिरगावात साडेसतराशेत महिना कसा काढायचा, हे तो नियम करणाऱ्याने एकदा ठाकूरद्वारच्या भाजीवालीला विचारायला हवं होतं. तरीही निराधार विधवा, दुर्धर आजाराचे असे जे त्यात बसतात त्यांनी ते दीड हजार सोडू नयेत. वाडीतल्या एका आजींची औषधं त्यातून येतात. फॉर्म खोलीत बसून भरलेला आहे.

मदतीला माणूस लागतो, ही गोष्ट मुंबईला फार जुन्या काळापासून माहीत आहे. आपल्या शेजारच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, त्याचा इतिहास सगळे सांगतात. गणपतीच्या निमित्ताने चाळीचाळीत जी मंडळं उभी राहिली त्यांनी उरलेले साडेअकरा महिने काय केलं, हे कोणी सांगत नाही. १९११ साली ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली. वाचनालयं, रात्रशाळा, दवाखाने, सहकारी पतसंस्था हे तर तिचं काम होतंच. पण निरक्षर गरिबांना कायद्याचा सल्ला देणं आणि पोलीस कोर्टात त्यांच्या बाजूने उभं राहणं, हेही लीगचे लोक करत. गिरणगावात एक कामगार पोलिसाने पकडला तर कुणाकडे धावायचं हे त्या काळी चाळीला माहीत होतं.

नागपाड्याला तर याहून मोठी गोष्ट घडली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात तिथे नेबरहुड हाउस सुरू केलं, मोहल्ल्यातल्या माणसांना येऊन बसायची, विचारायची, शिकायची जागा. त्याच घरात १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, आजचं टिस. देशातलं समाजकार्याचं पद्धतशीर शिक्षण मोहल्ल्यातल्या एका बैठकीच्या जागेतून निघालं. टिसच्या देवनारच्या आवारात शिकणाऱ्यांनी कधीतरी नागपाड्याला चक्कर मारावी.

शिवाय गावकऱ्यांच्या खोल्या होत्या. लालबाग-परळला कोकणातल्या नि घाटावरच्या गावांनी भाड्याने घेतलेल्या, पाळीपाळीने झोपायच्या. धोबीतलावच्या जेर महालात गोंयकारांच्या गावागावांचे क्लब. मुंबईत उतरलेल्या नव्या माणसाला काम कुठे मिळेल, दवाखाना कुठला, मनिऑर्डर कशी करायची, सगळं त्या खोलीत कळे. १९८२ च्या गिरणी संपात दीडदोन वर्षं कुटुंबं तगली त्यात या खोल्यांचा आणि खानावळवाल्या बायांचा वाटा मोठा. त्या बायांना प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळात बांधून बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं.

परळला आजही हा धागा शाबूत दिसतो. टाटाला बिहार-बंगालातून आलेलं कुटुंब फुटपाथवर पथारी टाकून असतं आणि कुणीतरी चहावाला त्याला सांगतो की दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे विचार. परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, समिती १९६८ पासून हेच काम करतेय. लालबागचा राजा मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं. २०२० साली मूर्ती न बसवता त्यांनी आरोग्योत्सव केला, रक्त आणि प्लाझ्मा गोळा केला. हे सगळं आहे. पण चहावाला सांगतो तेव्हाच कळतं.

तरुण मंडळी म्हणतात, काका, सगळं मोबाइलवर आहे. आहे ना. मीही नंबर पाठ केलेत. ज्येष्ठांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, कायद्याच्या मदतीला १५१००, मन खचलं तर टेलिमानस १४४१६, फुले योजनेला १५५३८८. हे सहा नंबर प्रत्येक वाडीच्या जिन्यात ऑइलपेंटने रंगवून ठेवा, उद्याच. पण नंबर लावल्यावर पलीकडची बाई म्हणते, उत्पन्नाचा दाखला लागेल, ऑनलाइन अर्ज करा. ओटीपी येतो तो मुलाच्या फोनवर, आणि मुलगा नालासोपाऱ्याला. दाखल्याला पुरावा लागतो, मालक पगाराची पावती देत नाही. सत्तर वर्षांच्या आजीला कस्टम हाउसच्या कुठल्या खिडकीशी उभं राहायचं हे नंबर सांगतो, पण तिच्याबरोबर तो येत नाही.

काकांच्या ज्ञानाचा अर्धा भाग असा असतो, जो कुठेही लिहिलेला नसतो. कुठल्या हॉस्पिटलची समाजसेविका सकाळी लवकर गाठली तर बोलते, कुठला न्यास जूनच्या आधी फीचे अर्ज घेतो, कुणाला पत्र आवडतं आणि कुणाला रुग्ण समोर आणलेला. स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळवायला उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट आमच्या वाडीतल्या सुशिक्षित बायकांनाही ठाऊक नव्हती. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या एका मुलीला ती या खोलीत कळली.

आता पुनर्विकासाचं. मी चाळीच्या आठवणी काढून रडणाऱ्यांतला नाही. सकाळी सामायिक संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्या माणसाने चाळीची गाणी गाऊ नयेत. १९६९ च्या आधीच्या उपकरप्राप्त इमारती आहेत या, लाकडी तुळया, टेकू लावलेल्या गॅलऱ्या. दर पावसाळ्यात म्हाडाच्या धोकादायक यादीत आपली इमारत आहे का ते बघायचं आणि वर्षभर नशिबावर सोडायचं. किमान तीनशे चौरस फुटांचं स्वतःचं घर, आत संडास, लिफ्ट, हे माणसाला मिळालंच पाहिजे. एक्कावन्न टक्के संमतीवर प्रकल्प पुढे जातो, तर जाऊ दे.

पण होतं काय ते बघा. पाडकाम सुरू झालं की कुटुंबं भाड्याने डोंबिवलीला, विरारला, बदलापूरला पांगतात. मेट्रोच्या कामात गिरगाव-काळबादेवीच्या इमारती गेल्या तेव्हाही हेच झालं. तीन वर्षं म्हणता म्हणता आठ होतात. म्हातारे तेवढ्यात जातात. त्यांच्याबरोबर त्या सगळ्या खिडक्या, समाजसेविका, न्यासांचे महिने जातात. आणि इमारत उभी राहिली तर नकाशात पोडियम पार्किंग असतं, व्यायामशाळा असते, सोसायटीचं ऑफिस असतं. मंडळाची खोली कुणी मागितलेलीच नसते. कारण ती कुणाच्या नावावर नव्हती. भाडेपावती कुठल्यातरी कधीच वारलेल्या कार्यकर्त्याच्या नावाने, किंवा पावतीच नाही, मालकाने गणपतीसाठी म्हणून सोडलेली जागा. विकासकाच्या हिशेबात अशा जागेला शून्य.

मागितली तर देता येते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत बालवाडी आणि कल्याण केंद्र बांधून देण्याची तरतूद नियमातच आहे. जे झोपडीवासीयाला नियमाने मिळतं ते चाळकऱ्याने करारात लिहून का घेऊ नये? एका घराएवढीही जागा नाही लागत. मजल्यामजल्यांच्या टॉवरमध्ये दहा बाय बारा म्हणजे काय, जेमतेम एक गाडी उभी राहील एवढं.

मागून मिळतं, हे मुंबईने पाहिलंय. परळचं वाडिया हॉस्पिटल जानेवारी २०२० मध्ये पैशांअभावी बंद पडायच्या वाटेवर होतं. रुग्णांना घरी पाठवायला सुरुवात झाली होती. कामगार, पालक, परळकर रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयात होतंच, आणि राज्य सरकार व महापालिका दोघांनाही थकलेल्या अनुदानाचे पैसे सोडावे लागले. तिथे आजही लहान मुलं बरी होऊन घरी जातात. सोशल सर्व्हिस लीगचं १९२२ चं दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा नाट्यकर्मींनी आवाज उठवला, नव्या आराखड्यात नाट्यगृह कुठे आणि केवढं ते दाखवा म्हणाले. त्यांना कळलं होतं की भांडण नकाशावरच करायचं असतं, इमारत उभी राहिल्यावर नाही.

मंडळांबद्दल मला प्रेम आहे म्हणून त्यांचं सगळं खपवून घेतोय असं समजू नका. वर्गणीतला किती पैसा मूर्तीच्या उंचीत आणि डीजेच्या भिंतीत जातो ते मला दिसतं. दर दारावर कुणाचा तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. आणि सगळ्यांत मोठी खोट म्हणजे खोलीत बायका बसत नाहीत. त्या दारात उभ्या राहतात, पदराचं टोक चाळवत, आतले चार पुरुष कॅरमचा डाव संपवेपर्यंत. वहिनीही तशाच उभ्या होत्या. नवऱ्याचा मार, पोरीचं गर्भारपण, दारूचं व्यसन, या गोष्टी कुठली बाई त्या चार पुरुषांसमोर बोलेल? वाडीबाहेरून आलेल्या भाडेकऱ्यांना, इस्त्रीवाल्या भय्याला, दुकानांत माळ्यावर झोपणाऱ्या पोरांना ही खोली आपली वाटत नाही, तेही खरं. जुनी खोली होती तशी नव्या इमारतीत नेऊ नका. दोन दुपारी बायकांसाठी ठेवा, बाईच बसेल अशी. आणि दाराशी आलेल्याला तू कुठल्या वाडीचा हे विचारू नका.

म्हणून फणसवाडी, गायवाडी, झावबावाडी, मुगभाट, जितेकरवाडी, खोताची वाडी, सगळ्या मंडळींना हात जोडून सांगणं आहे. इमारत अजून उभी आहे तोवर काकालोकांना बसवा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या. एक जाड वही करा. कुठलं काम, कुठलं ऑफिस, कुठले कागद, कोणाला भेटायचं, काय शब्द वापरायचे. लोकांची नावं आणि आजार त्या वहीत नकोत, फक्त वाटा. दर सहा महिन्यांनी कुणीतरी एकेक ओळ तपासून बघा, कारण मर्यादा बदलतात, खिडक्या बदलतात. कॉलेजच्या पोरापोरींना या कामात घ्या. निर्मला निकेतन मरीन लाइन्सला आहे, टिस देवनारला, तिथल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी जागा लागते, त्यांना बोलवा. जे डोंबिवली-बदलापूरला गेलेत त्यांना महिन्यातून एक रविवार मागा. निवृत्त बँकवाले, नर्सबाई, शाळामास्तर, तलाठी असाल तर घरात बसून पेपर वाचू नका. तुम्हाला फॉर्म भरता येतो. वाडीत ती कला आता दुर्मिळ झालीय.

पैसे फारसे लागत नाहीत. मूर्ती फूटभर कमी केली तरी वर्षाच्या झेरॉक्सचा खर्च निघेल.

आणि जिथे अजून विकासकाशी करार व्हायचा आहे तिथे सभेत ठराव आणा. आमच्या वाडीच्या सभेत मी मांडणार आहे तो असा: "नवीन इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याकडे दार उघडणारी, किमान एकशे वीस चौरस फुटांची खोली रहिवाशांच्या मंडळासाठी विनामूल्य व कायमस्वरूपी राखून ठेवावी, तिचा उल्लेख विकास करारात व मंजूर नकाशात करावा, आणि बांधकामाच्या काळात तेवढीच जागा संक्रमण काळासाठी फणसवाडीतच उपलब्ध करून द्यावी." शेवटचा भाग गाळू नका. मधल्या आठ वर्षांतच सगळं हातातून जातं.

सूचक म्हणून माझं नाव लिहिलंय. अनुमोदक कोण होतंय ते सभेच्या आधी सांगा.